नारू पडल्यावर विचारा

गावात त्यांना नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. लहानथोर सगळे 'पाद्रीबुवा' म्हणायचे. ते दर वेळी न चिडता सांगायचे, "मी पाद्री नाही, आणि बुवा तर नाहीच नाही." समोरचा मान डोलवायचा आणि म्हणायचा, "बरं पाद्रीबुवा, उद्या येताय न्हवं मग?"

मी त्या गावी शाळामास्तर म्हणून गेलो तेव्हा माझं वय बावीस होतं. गावाचं नाव सांगत नाही. पुनावळ्याच्या शिवेला लागून, नदीच्या अंगाला दीडशे उंबऱ्यांचं गाव होतं. आता तिथे बारा मजल्यांच्या इमारती आहेत आणि जुन्या बारवेवर गाड्या उभ्या राहतात. तेव्हा निगडीला नुसता माळ होता. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता आणि आमच्या गावची पोरं तिकडे माती टाकायला जात होती. बाकी गाव होतं तिथेच होतं, आणि दर उन्हाळ्यात गावातल्या निम्म्या पायांना नारू व्हायचा.

आताच्या मुलांना नारू म्हणजे काय ते सांगावं लागतं. बारवेच्या पायऱ्या उतरून लोक घोटाभर पाण्यात उभे राहायचे, घागर बुडवायचे आणि तेच पाणी घरी नेऊन प्यायचे. त्या पाण्यातून पोटात गेलेला हा जंत वर्षभराने पायाला फोड आणून बाहेर डोकावायचा, पांढऱ्या दोऱ्यासारखा, दोन-दोन हात लांब. त्याला ओढून काढता येत नाही. ओढला की तुटतो, आणि तुटला की पाय सुजून माणूस महिनोन् महिने खाटेवर पडतो. त्याचं बाहेर आलेलं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज अर्धं बोट, जेमतेम एक बोट, काडीला पीळ देत राहायचं. तीन आठवडे लागायचे, कधी महिना.

पाद्रीबुवा हे काम करायचे. उंच, खांद्यात वाकलेले, धोतरावर काळा कोट. एका हातात उकळलेल्या पाण्याची किटली, दुसऱ्या हातात बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणि त्यात फडक्याच्या पट्ट्या नि खराट्याच्या तासलेल्या काड्या. अंगाला सदा जखमा धुवायच्या कार्बोलिकचा वास. ते नगरकडचे. तिकडे मिशनच्या कुठल्याशा दवाखान्यात बरीच वर्षं जखमा बांधणारे ड्रेसर होते, बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. नोकरी सोडून याच गावी का आले, कोणाला ठाऊक नव्हतं. गाव आणि महारवाडा यांच्या मधल्या जागेत, दोघांच्याही हद्दीत येणार नाही अशी एक खोली बांधून ते राहत. उन्हाळ्यात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घरोघर फिरून काड्यांना पीळ देत, आणि इतर दिवसांत कोणाचं गळू, कोणाचं भाजलेलं, कोणा म्हातारीच्या पाठीच्या जखमा. एका पैचीही अपेक्षा नाही.

त्यांना घरात घेत नसत हे सांगायलाच हवं. ख्रिस्ती झाले तरी मूळ कुठलं ते गावाला माहीत होतं. ते अंगणात उकिडवे बसायचे आणि रोगी ओसरीवरून पाय खाली सोडायचा. काम झालं, ते उठले, की घरातली बाई तांब्या घेऊन त्या जागेवर पाणी शिंपडायची. काही घरांत ते पाठ फिरवायच्या आत शिंपडायची. थेंब कोटावर उडायचे. ते कोट झटकत आणि पुढच्या घरी जात.

पाणी गाळून प्या, हे त्यांचं पालुपद. पुण्याहून स्वस्तातलं कापड आणून, दुहेरी शिवून त्यांनी घरोघर एकेक गाळणं वाटलं होतं. पुढच्या आठवड्यात निम्म्या गावातल्या तान्ह्या पोरांच्या डोक्यांवर पांढरीशुभ्र टोपडी दिसू लागली. पाटलीणबाईंनी तर त्याची छान पिशवी शिवली. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. पाद्रीबुवांनी परत कापड आणलं. परत टोपडी झाली. तिसऱ्या खेपेला त्यांनी कापड गडद निळ्या रंगात रंगवून आणलं, म्हणजे टोपड्याला कोणी वापरणार नाही. त्याचे लंगोट झाले.

काम करताना ते गुणगुणत. चाली ओळखीच्या वाटायच्या, अभंगासारख्या, ओवीसारख्या, पण शब्द नसायचे. नुसता ऊं-ऊं. गावाचं म्हणणं, बुवाला पाठ राहत नाही. मला फार नंतर कळलं की ती ख्रिस्ती भजनं होती आणि शब्द त्यांना चांगले पाठ होते. शब्द म्हटले तर तो प्रचार होईल, आणि न विचारता प्रचार करायचा नाही असा त्यांचा नेम होता. म्हणून शब्द गाळून नुसती चाल.

दर रविवारी ते चिंचवड स्टेशनापर्यंत चालत जाऊन गाडीने खडकीला जात, तिथल्या ख्रिस्ती देवळात उपासनेला. वाटेत पारावर माणसं बसलेली असायची.

"कुठं निघाला, पाद्रीबुवा?"

"खडकीला."

"कशापायी?"

इथे ते थांबायचे. मी स्वतः पाहिलं आहे, किटलीचा हात रिकामा असायचा त्या दिवशी, तो कोटाच्या बटणाशी चाळा करायचा. "प्रार्थनेला," म्हणायचे, आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभे राहायचे.

"बरं बरं. येताना चार आण्याचं बोंबील आना की. खडकीला सुकं चांगलं मिळतंय."

आणि ते आणायचे. संध्याकाळी त्या काळ्या कोटातून कार्बोलिकबरोबर बोंबलांचा वास येत असे. मी तेव्हा हसायचो. आता हसू येत नाही.

बलुत्याची गोष्ट मी तिथे जायच्या आदल्या वर्षी सुरू झाली आणि माझ्यासमोर संपली. सुगी झाली की सुतार, लोहार, न्हावी, परीट सगळ्यांना गाव वर्षाच्या कामाचं धान्य द्यायचं. पाटलांच्या मनात आलं की नारू काढणारा तेवढा उपाशी का राहावा? पाटील मनाचे वाईट नव्हते. मी त्यांच्याच वाड्याच्या सोप्यातल्या खोलीत भाड्याने राहत होतो, मला त्यांचा राग आणि लोभ दोन्ही ठाऊक होते. त्यांनी गड्याबरोबर दोन पायल्या बाजरी पाद्रीबुवांच्या खोलीवर पाठवली. पाद्रीबुवांनी परत केली. गाव म्हणालं, कमी वाटली असेल. दुसऱ्या सुगीला, मी गेलो त्या वर्षी, चार पायल्या गेल्या.

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा आणि शेवटचं चिडलेलं पाहिलं. भर दुपारी ते पोतं स्वतःच्या डोक्यावर घेऊन चावडीसमोरून आले आणि पाटलांच्या अंगणात ठेवून धापा टाकत उभे राहिले.

पाटील ओसरीवर पान लावत होते. "काय कमी पडलं व्हय, पाद्रीबुवा?"

"पाटील, मला हे नको."

"अवो, हक्काचं हाय. तुमच्या बापजाद्यांनीबी घेतलंच असंल की."

"घेतलं," पाद्रीबुवा म्हणाले. "माझा बाप दारात उभा राहून घ्यायचा, आणि मी त्याच्या मागे उभा असायचो. म्हणूनच नको." ते आणखी काही बोलणार होते, पण गिळलं. मग फक्त एवढं म्हणाले, "मी का घेत नाही, हे तुम्हाला विचारावंसं वाटत नाही का?"

पाटलांनी पान तोंडात टाकलं. "नगं तर नगं," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. जबरदस्ती न्हाई."

पण माणूस फुकट राबतो आणि बलुतं परत करतो, ही गोष्ट गावाच्या घशाखाली उतरेना. संध्याकाळी चावडीत विषय निघाला. लिहिता-वाचता येतं म्हणून मलाही बसवलं होतं. खडकीच्या कारखान्यात जाणारा एक जण म्हणाला, "मिशनवालं पगार देत असतील. बाटीवलेली डोकी मोजून देत्यात म्हनं."

पाटील म्हणाले, "इतक्या वर्सांत आपलं एक डोकं तरी गेलंय का? मग पगार कशाचा देतील, नारवांचा?"

सगळे हसले. मग कोपऱ्यातले एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना गाव शहाणं समजायचं, ते खाकरून म्हणाले, "प्राचित हाय त्ये. दवाखान्यात हाताखाली कुनीतरी मेलं असनार. बारा वर्सं फुकाट सेवा करायची, कुनाचं खायाचं न्हाई, असं सांगितलं असंल त्यांच्या बामनानं."

हे सगळ्यांना एकदम पटलं. बलुतं न घेणं, नोकरी सोडून परमुलखात येणं, सगळ्याचा मेळ बसला. काही दिवसांत मेलेलं कोण होतं तेही ठरलं: एक सात वर्षांची पोर, नारू तुटून मेलेली. आणि मग एक विलक्षण फरक पडला. लोकांना पाद्रीबुवांची कीव येऊ लागली. पूर्वी त्यांना बोलावताना जो थोडा संकोच वाटायचा तोही गेला. पाटलीणबाई शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "बलीव की गं साध्या खरचटल्यालाबी. त्येचंच पाप फिटतंय, आपल्याला पुन्न्य."

मी त्या चावडीत गप्प बसलो होतो. त्या वेळी मला खरं कारण ठाऊक नव्हतं हे खरं, पण ही कथा खोटी आहे एवढं समजायला बावीस वर्षं पुरेशी होती. "त्यांनाच जाऊन विचारू या की," एवढं एक वाक्य मी म्हणू शकलो असतो. नाही म्हटलं.

पुढच्या वैशाखात नारवाने माझाच पाय धरला. डाव्या घोट्याच्या वर फोड आला, फुटला, आणि पांढरं टोक दिसलं. पाटलांच्या ओसरीवर त्यांना यायचा त्रास आणि मागून पाणी शिंपडायचा तमाशा नको म्हणून मीच लंगडत त्यांच्या खोलीवर जाऊ लागलो. तेवीस दिवस गेलो. खोलीत एक खाट, एक कंदील, भिंतीशी ट्रंक. ट्रंकेवर उपरण्यात गुंडाळलेलं त्यांचं पुस्तक असायचं. ते त्यांनी माझ्यासमोर कधी उघडलं नाही. मी येताना दिसलो की उपरण्याने ते नीट झाकून घेत. आपलं पुस्तक लपवणारा प्रचारक मी दुसरा पाहिलेला नाही.

सातव्या की आठव्या दिवशी काडीला पीळ देताना कळ मस्तकात गेली, आणि त्यांनी हात थांबवून माझ्या पायावर नुसता तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मला कोणी तसा हात लावून किती वर्षं झाली होती कोणास ठाऊक. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही हे सगळं का करता हो?"

ते इतके दचकले की काडी सुटता सुटता राहिली. माझ्याकडे पाहत राहिले. चेहरा उजळलेला मी पाहिला. मग हळूहळू तो उजेड त्यांनी स्वतःच आवरून घेतला.

"आत्ता नाही," ते म्हणाले. "नारू पडल्यावर विचारा."

"का?"

मग त्यांनी मला ते सांगितलं. दवाखान्यात असताना ते तिशीचे होते आणि त्यांच्या अंगात फार उत्साह होता. रोज सकाळी रोग्याची जखम उघडायची, धुवायची, आणि नवी पट्टी बांधायच्या आधी दहा मिनिटं ख्रिस्ताविषयी बोलायचं, ही पद्धत त्यांनीच शोधून काढलेली. जखम उघडी असली की माणूस उठून जात नाही. वरच्यांनी शाबासकी दिली होती. एक शेतकरी होता, पायावर कुऱ्हाड बसलेला. त्याला ते चौदा दिवस सांगत राहिले. चौदाव्या दिवशी विचारलं, "बसला का विश्वास?" तो म्हणाला, "हो." त्यांनी आनंदाने पट्टी बांधली. तो लंगडत दारापर्यंत गेला, परत फिरला, आणि हात जोडून म्हणाला, "आनखी कशाला हो म्हनायचं असंल तर आत्ताच सांगा सायेब. भाईर गाडी जुपून हाय."

"त्याला वाटलं होतं, हो म्हटल्याशिवाय पट्टी मिळत नाही," पाद्रीबुवा म्हणाले. "त्याच्याआधी जितक्यांनी हो म्हटलं होतं त्या सगळ्यांचे पाय मला त्या रात्री आठवायला लागले. चेहरे आठवेनात, मास्तर. पायच आठवत होते."

त्यानंतर त्यांनी नोकरी सोडली आणि नियम केला. आपण होऊन एक शब्द सांगायचा नाही. त्यांच्या धर्मात सांगून ठेवलं आहे म्हणे की तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा. "कोणी विचारलं तर," त्यांनी बोट वर केलं. "लोक तयारी वाचतात, 'विचारलं तर' वाचत नाहीत." विचारणाऱ्याला त्यांच्याकडून काही नको असलं पाहिजे. त्याचा पाय धडधाकट पाहिजे. आणि त्याने आपल्या पायांनी चालत येऊन विचारलं पाहिजे.

मी म्हणालो, "धडधाकट माणूस कशाला येईल? गरज सरो वैद्य मरो, हीच रीत आहे."

"येईल कोणीतरी." त्यांनी काडीला पाव फेरा दिला. "मला एकच पुरे आहे. एकालाच सांगेन, पण खरं सांगेन. आता हलू नका."

तेविसाव्या दिवशी नारू पडला. शेवटचं टोक बाहेर आलं तेव्हा त्यांनी काडी कंदिलापाशी धरून मला दाखवली, अखंड, कुठे तुटलेला नाही. मग जखम धुतली, पट्टी बांधली आणि म्हणाले, "आठ दिवसांत चालाल." पुढे काही बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती. आठ दिवसांनी मी चालत येणार आणि विचारणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्या आठ दिवसांत गावात बोलणं उठलं की मास्तर बाटणार. तेवीस संध्याकाळी त्या खोलीत बसलेला माणूस दुसरं काय करणार? कोणी तरी माझ्या वडिलांना साताऱ्याकडे पत्रही टाकलं. माझं लग्न ठरत होतं. मुलीकडचे सोवळ्याचे, आणि माझे वडील असे की आधी गाव जमवतील आणि मग मला विचारतील. पाटलांनी एका सकाळी मला बोलावून सांगितलं, "मास्तर, पाय बरा झाला न्हवं? मंग आता तिकडं जायचं काय कारन?" मी म्हणालो, "काहीच नाही." किती पटकन म्हणालो! मला तो शब्द तयारच सापडला.

मी गेलो नाही. पहिले चार दिवस उद्या जाऊ म्हणालो. मग शाळेच्या सुट्टीत गावी गेलो. लग्न झालं. परत आलो ते बायकोला घेऊन, आणि मग तर प्रश्नच मिटला. ते दिसले की मी नमस्कार करायचो. तेही करायचे. ते माझ्या पायाकडे बघायचे, डॉक्टर बघतो तसे, आणि मग चेहऱ्याकडे.

एकदा नदीच्या वाटेवर आम्ही समोरासमोर आलो. दोन्हीकडे बाभळी, बाजूला व्हायला जागा नाही, आजूबाजूला माणूस नाही. ते थांबले. किटली खाली ठेवली. अशी संधी मला माझा देव देणार नव्हता, आणि ती दिली ती बहुधा त्यांच्या देवाने. मी म्हणालो, "यंदा बाजरी बरी दिसते." ताकाला जाऊन भांडं लपवणारा निदान ताक तरी मागायच्या इराद्याने गेलेला असतो. मी तेवढाही नव्हतो.

"हो," ते म्हणाले. "बरी आहे." आणि किटली उचलली.

पुढे माझी बदली चिंचवडला झाली. अंतर ते किती, पण मी पहिल्या सहा महिन्यांत एकदाही गेलो नाही. ते गेल्याचं कळलं तेव्हा मात्र मातीला गेलो. खडकीहून चार माणसं आणि तिथल्या चर्चचे पाळक आले होते. गाव झाडाखाली लांब उभं होतं. बरंच गाव होतं, खोटं कशाला बोलू. काहींच्या डोळ्यांना पाणीही होतं. पाळकांनी गावाकडे वळून विचारलं की यांच्याविषयी कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. पाटील पुढे झाले. हात जोडून, अगदी मनापासून म्हणाले, "लई सोसलं मानसानं. पाप फिटलं आसंल आता." मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, आता उन्हाळ्यात नारू कोन काढनार वो?"

इतक्या वर्षांत त्या गावाने त्यांच्याविषयी विचारलेला हा एकच खरा प्रश्न. आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, पुण्याच्या सरकारी दवाखान्याकडे होतं.

लोक मला म्हणतात, "त्यात काय, ते काय सांगणार होते हे उघड आहे. ख्रिस्ती माणूस, ख्रिस्ताचंच सांगणार." मला तसं वाटत नाही. ख्रिस्ताचंच सांगितलं असतं, पण ते पुस्तकातलं नसतं. बापामागे दारात उभा राहिलेला मुलगा, उघडी जखम समोर ठेवून बोलणारा तो उत्साही ड्रेसर आणि कोट झटकून पुढच्या घरी जाणारा म्हातारा, या तिघांना धरून ठेवणारं काही तरी त्यांच्याजवळ होतं. ते काय होतं, हे मी माझ्या कानांनी ऐकू शकलो असतो. आज माझी ऐंशी उलटली आणि मला ते ठाऊक नाही. मी ख्रिस्ती झालो असतो असं नव्हे. कदाचित ऐकून घेऊन घरी आलो असतो. पण त्या माणसाने आयुष्यभर एका माणसासाठी जपून ठेवलेलं उत्तर कोणी तरी ऐकायला हवं होतं, आणि तो कोणी तरी मीच होतो. दुसरा कोणी नव्हता.

मातीला जाण्याच्या आधी पंधरा दिवस मी त्यांना भेटलो होतो, हे मी सहसा कोणाला सांगत नाही. त्यांची छाती भरली आहे, खडकीची माणसं दवाखान्यात न्यायला आली तर नारवाचा वैशाख संपू द्या म्हणाले, असा निरोप माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने आणला. मी सकाळीच सायकल काढली. माझं आता सगळं ठाकठीक होतं. संसार पक्का, मुलगी झालेली, नोकरी कायम. वडील वारले होते. पाय धडधाकट होता. गावातल्या कोणाचीही भीती उरली नव्हती. सबंध रस्ताभर मी ते वाक्य मनात म्हणत होतो, पहिल्यांदा कीर्तनाला उभ्या राहणाऱ्यासारखा.

ते खाटेवर पडले होते. अंगावर फक्त सदरा, कोट खुंटीला. श्वास लागत होता. मला पाहून हसले. मी खाटेशी बसलो आणि दुसरं काही तोंडातून निघायच्या आत विचारून टाकलं, "तुम्ही हे सगळं का केलंत?"

त्यांनी डोळे मोठे केले. कोपरावर जोर देऊन उठायला लागले. मी पाठीला हात दिला. पाठ किती हलकी झाली होती! ते बसले, श्वास गोळा केला, ओठ उघडले. आणि माझ्याकडे बघता बघता थांबले. माझ्या डोळ्यांत काय दिसलं असेल ते मला माहीत आहे, कारण मरणाऱ्या माणसाची ती कीव मी येतानाच घेऊन निघालो होतो.

"मास्तर," ते म्हणाले, "मी बरा असतो तर विचारलं असतंत?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. मी जन्मभर मुलांना खोटं बोलू नये असं शिकवलं आणि स्वतः ढीगभर खोटं बोललो, पण तो एक 'हो' माझ्या तोंडातून निघेना. त्या माणसासमोर तरी ते अक्षर काढणं मला शक्य नव्हतं. मी मान खाली घातली.

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. रागाने नाही. रागाने असतं तर बरं झालं असतं. मग स्वतःच हळूहळू परत आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं. "जाताना दार ओढून घ्या," म्हणाले. "तोंडावर ऊन येतं."

मी दार ओढून घेतलं. बाहेर येऊन सायकल धरली. मला वाईट वाटलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. वाईट वाटलं, पण ते नंतर. त्या क्षणी, त्या दारात, मला हायसं वाटलं होतं. उत्तर ऐकावं लागलं नाही, आणि आता कोणी ते कधी ऐकवणारही नव्हतं.